दुनळीवरचं नाव

माझ्या बंदुकीवर माझं नाव आहे. बारा बोरची दुनळी. घोड्याच्या डाव्या बाजूला जी लोखंडी पट्टी असते, तिच्यावर चष्म्याशिवाय वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरांत ते आहे. सरकारची परवानगी घेऊन कोरलेलं आहे. ते कोरून घेताना मला लोकांचं बरंच ऐकून घ्यावं लागलं आणि मीही बरंच ऐकवलं. ऐकवलेलं जरा जास्तच असेल, कारण माझा स्वभाव, माझ्या सासूच्या शब्दांत सांगायचं तर, तव्यावरच्या फुटाण्यासारखा आहे.

मी रोहिणी सिद्धोधन जोंधळे. उमेदीची सगळी वर्षं केंद्रीय राखीव पोलीस दलात काढली. जंगलं पाहिली, दंगली पाहिल्या, नको नको ते खाऊन दिवस काढले आणि निवृत्त होऊन चुडाव्याजवळच्या आमच्या गावी परत आले. नवरा रेल्वेत, रुळांच्या देखभालीवर. तो सकाळी जायचा आणि मी दिवसभर भिंतीकडे बघत बसायची. असं किती दिवस बसणार? पूर्णेच्या एका पतसंस्थेला बंदूकवाला गार्ड हवा होता. या नोकरीत बंदूक मालक देत नाही, बंदूक आणि परवाना दोन्ही गार्डाचं स्वतःचं लागतं. परवाना मला मिळाला. बंदूक शोधायला लागले तर कळलं की आमच्याच गावातली एक बंदूक विकायला निघालीय.

ती बन्सीधररावांची. बन्सीधरराव म्हणजे आमच्या गावातलं बडं प्रस्थ, वारले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलाच्या, उद्धवरावांच्या परवान्यावर तीन बंदुका होत्या. नवा कायदा आला आणि एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतील असं ठरलं. उद्धवरावांनी दोन नव्या ठेवल्या आणि वडिलांची जुनी दुनळी नांदेडच्या परवानाधारक दुकानात विकायला दिली. दुकानदारानं ती मला दाखवली तेव्हा पट्टीवर 'बन्सीधर दत्तराव' हे नाव होतं. मी घरी येऊन सासूला म्हटलं, "आत्या, बंदूक चांगली हाय, पण नाव त्यांचं हाय. दुसरी बघू का?"

सुलाबाई, म्हणजे माझी सासू, भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "तीच घे."

तिला का हवी होती ते मला माहीत होतं. माझे सासरे पंडित हे बन्सीधररावांच्या मागं काडतुसांची पिशवी घेऊन हिंडायचे. उसात रानडुकरं घुसली की सासऱ्यांनी डबा वाजवत आत शिरायचं, डुकराला बाहेर हाकायचं आणि बन्सीधररावांनी बांधावर उभं राहून बार काढायचा. एकदा बन्सीधररावांचा पाय घसरला आणि बंदूक चिखलात पडली. सासऱ्यांनी ती उचलून दिली. एवढंच केलं. त्यावरून बन्सीधररावांनी त्यांना सगळ्या शिवारासमोर झापलं आणि बंदूक आधी गोमूत्रानं, मग तेलानं पुसून घेतली. चिखल लागला म्हणून नव्हे, हात लागला म्हणून. सासू तेव्हा त्याच शेतात खुरपत होती. ही गोष्ट तिनं मला लग्न झाल्यावर सांगितली आणि नंतर कधीच सांगितली नाही.

म्हणून तीच घेतली.

नोकरी सुरू झाली. पतसंस्थेचा मॅनेजर सारंग, पोरगेलासा, सभ्य माणूस. मला मॅडम म्हणायचा. पण उद्धवराव त्या पतसंस्थेचे मोठे ठेवीदार, त्यांचा आठवड्यातून एकदा तरी फेरा असायचा. आले की काउंटरकडं जायच्या आधी माझ्यासमोर थांबायचे, बंदुकीकडं बघायचे आणि जो कोणी सोबत असेल त्याला सांगायचे, "ही आमच्या बापूची बंदूक." बापूंनी किती डुकरं पाडली, कोण कलेक्टर शिकारीला आला होता, सगळं सांगायचे. मी जणू बंदूक अडकवायची खुंटी. मग हळूहळू लोकही तसंच म्हणायला लागले. दूधवाला म्हणायचा, भाजीवाली म्हणायची, शाखेचा शिपाईसुद्धा म्हणायचा, 'बन्सीधररावांची बंदूक'. पैसे मी मोजलेले, परवाना माझा, खांदा माझा दुखायचा.

एक दिवस उद्धवराव पाहुणे घेऊन आले. मला म्हणाले, "दे इकडं जरा. पाव्हण्यायला दाखवतो."

"देता येत न्हाई, उद्धवराव," मी म्हणाले. "परवाना माझ्या नावावर हाय. दुसऱ्याच्या हातात दिली तर गुन्हा होतो."

"आगं, मी काय दुसरा हाय का?"

"कायद्यानं दुसरेच."

पाहुणे हसले, ते उद्धवरावांवर हसले. उद्धवरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते वाकले, पट्टीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाव वाच की मग. कुणाचं हाय? तुझं हाय का? पंड्याची सून बंदूक धरून उभी राहिली म्हणून बंदूक पंड्याची होत न्हाई."

आता हसायची पाळी सगळ्या शाखेची होती. सारंगनं मान खाली घालून उगाच कीबोर्ड बडवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या हातात बंदूक होती आणि आतून नुसता जाळ उठला होता. अशा वेळी काय करायचं असतं हे दलात शिकवलेलं असतं म्हणून वाचलं. मी एक पाऊल मागं सरकले आणि म्हणाले, "बोट काढा." त्यांनी काढलं. पण त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. या बंदुकीवर माझं नाव आलं पाहिजे.

घरी सांगितलं तर सासूला त्यात अडचणच दिसेना. आमच्या घरात चमच्यापासून घागरीपर्यंत प्रत्येक भांड्यावर नाव आहे. लग्नाकार्यात भांडी इकडून तिकडं जातात, नाव असलं की परत येतात. जुन्या बाजारातून हंडा आणला तर भांडेवाला आधीच्या मालकाचं नाव कानशीनं घासतो आणि आपलं टाकून देतो. सुलाबाईंचं जगणं या रिवाजावर चाललेलं. त्यामुळं तिनं मला न विचारता तेच केलं जे एखाद्या हंड्यासाठी केलं असतं.

रविवार होता. मी ओट्यावर बसून बंदूक साफ करत होते. नळ्या उघडलेल्या, तेलाची चिंधी हातात. तेवढ्यात सिताराम आला. तो बाजाराच्या दिवशी भांड्यांवर नावं टाकतो. काखेत मशीन, खिशात कानस. मला वाटलं सासूनं नवी कढई आणली असेल. त्यानं आमच्या खिडकीतून वायर आत टाकली, सासूनं ती बोर्डात खोचली आणि मशीन घरघरायला लागलं. मग तो माझ्यासमोर उकिडवा बसला.

"कुठं टाकायचं?" त्यानं विचारलं.

"काय?"

"नाव. मावशी म्हणल्या, जुनं घासून नवं टाक." आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानं पट्टीवर बोट फिरवून पाहिलं. "ह्या ओळीत जागा कमी हाय. ह्यो बाजूला कसला आकडा हाय, त्यो घासला का नाव ऐसपैस बसंल."

तो आकडा म्हणजे बंदुकीचा नंबर. मी बंदूक अशी ओढून घेतली की सिताराम पाठीवर पडला आणि त्याचं मशीन अंगणात जाऊन फिरायला लागलं. मी सासूला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. थोडक्यात एवढंच की बंदुकीवरचं बनवणाऱ्याचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण खोडली तर तुरुंग आहे. आणि खूण खोडलेली बंदूक ज्याच्याकडं सापडेल त्यानंच ती खोडली असं कायदा धरून चालतो. ज्याच्याकडं परवाना नाही अशा कारागिरानं बंदुकीला अवजार लावणं हेही चालत नाही.

सासू शांतपणे ऐकत होती. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाली, "इतका राग हाय तर त्याला निदान पाणी तरी दे. बिचारं पडलंय."

सिताराम पाणी पिऊन गेला. कानस लागली नव्हती, ओरखडासुद्धा उठला नव्हता. पण सितारामला बोलायला विषय मिळाला. पुढच्या बाजाराला त्यानं चार गिऱ्हाइकांना सांगितलं, चौघांनी चाळीस जणांना सांगितलं, आणि उद्धवरावांपर्यंत बातमी पोचली तेव्हा ती अशी झाली होती की जोंधळ्याच्या सुनेनं बंदुकीचा नंबर खरवडून काढला. उद्धवरावांनी त्याच दिवशी लेखी तक्रार केली. ठाण्यातून माणूस आला, बंदूक पाहून गेला, नंबर जागेवर आहे असं त्यानं कळवलंही. तरी उद्धवरावांनी तक्रार सोडली नाही. त्यांनी वर लिहिलं की बंदुकीवरचं नाव ही ओळखीची खूण आहे, ती खोडायचा प्रयत्न झाला आहे, तरी परवाना रद्द करावा.

मला परभणीला जिल्हाधिकारी कार्यालयात बंदूक घेऊन हजर राहायचा निरोप आला. सारंगनं मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, निकाल लागेपर्यंत तुम्ही सुट्टीवर राहा," तो म्हणाला. "संचालकांचं म्हणणं आहे."

"आणि निकाल माझ्याविरुद्ध लागला तर?"

त्यानं रजेचा अर्ज माझ्यापुढं सरकवला. म्हणजे परवाना गेला, बंदूक गेली, नोकरी गेली, आणि वर गावभर झालं की बघा, त्यांची वस्तू पचली नाही. मला खरं सांगायचं तर शेवटच्या गोष्टीची भीती जास्त होती. नोकरी दुसरी मिळते. पण ती बंदूक परत त्या घरात गेली असती तर मला सासूच्या तोंडाकडं बघवलं नसतं.

सिद्धोधनला रजा मिळाली नाही. तो म्हणाला, "तिथं तोंड जरा आवरून." मी म्हणाले, "बघू." सासू म्हणाली, "मी येती." मी नको म्हणेपर्यंत तिनं लुगडं बदलून टाकलं होतं.

आम्ही एसटीनं गेलो. बंदूक रिकामी, खोळीत बांधलेली, माझ्या मांडीवर. परवान्यांचं काम बघणाऱ्या राजेश्री मॅडमच्या टेबलासमोर उद्धवराव आधीच येऊन बसले होते, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, अंगाला अत्तर. आम्हाला खुर्च्या नव्हत्या. राजेश्री मॅडमनी घंटी वाजवून दोन मागवल्या आणि आम्ही बसेपर्यंत फाईल उघडली नाही. मला त्या बाईबद्दल तिथंच बरं वाटलं.

मग त्यांनी माझ्याकडून बंदूक उघडवून घेतली. भिंगानं नंबर पाहिला, परवान्याशी ताडून पाहिला, नळीवरचाही पाहिला.

"नंबर जागेवर आहे. बनवणाऱ्याचं नाव जागेवर आहे," त्या म्हणाल्या. "तुमची तक्रार नक्की काय आहे?"

उद्धवराव उठून उभे राहिले. "मॅडम, माझ्या वडिलांचं नाव. ह्या बाई ते काढून टाकायच्या मागं हायत. ती खूण हाय. कायद्यात खूण खोडता येत न्हाई."

"हे खरं आहे?" मॅडमनी मला विचारलं.

तोंड आवरायचं ठरवून आले होते. "खरं हाय, मॅडम," मी म्हणाले. "मला ते काढून माझं नाव टाकायचं हाय. मी परवानगी मागायला येणारच होते, ह्यांनी तक्रार करून माझं काम हलकं केलं. बंदूक मी रीतसर घेतलीय. परवाना माझा हाय. बार उडाला, चुकला, कुणाला लागला तर जबाब मला द्यावा लागंल, बन्सीधररावांना न्हाई. मग नाव त्यांचं का?"

मॅडमनी परवान्याची पानं उलटली. "विक्रीच्या वेळी दुकानदारानं नोंद केली आहे. डाव्या पट्टीवर बन्सीधर दत्तराव असं नाव कोरलेलं. म्हणजे ही बंदूक ओळखायची खूण म्हणून ते नाव आता सरकारी नोंदीत आहे." त्यांनी चष्मा काढला. "ते खोडायला मी परवानगी देणार नाही."

उद्धवराव बसले. बसताना त्यांनी माझ्याकडं न बघता माझ्या सासूकडं बघितलं आणि मंद हसले. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "माझं संपलं नाही."

त्यांनी सावकाश, एकेक शब्द तोलत सांगितलं. जे आहे ते काढायचं नाही, पण जे नाही ते घालायला कायदा आडवा येत नाही. मालकानं स्वतःचं नाव टाकावं की टाकू नये याबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही. मात्र काम परवाना असलेल्या दुकानातच, माझ्या डोळ्यांदेखत व्हायला हवं. बंदूक तिथं एकटी सोडून यायचं नाही. नंबर, बनवणाऱ्याचं नाव आणि जुनं नाव यांच्या एका रेषेलाही धक्का लागता कामा नये. नंतर बंदूक आणून दाखवायची, नव्या मजकुराची नोंद परवान्यात करून घ्यायची.

"कोरायचा मजकूर आत्ताच लिहून द्या," त्या म्हणाल्या. "मी त्यावर सही करते. त्यात एका अक्षराचा बदल चालणार नाही."

त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. मी पेन उघडलं. पट्टीवर बन्सीधर दत्तराव वरच्या बाजूला, खाली दोन बोटं जागा. तिथं माझं नाव म्हणजे त्यांच्या नावाखाली माझं नाव. वर ते, खाली मी. त्यांच्या पायाशी. लोक वाचणार काय, तर आधी बन्सीधर आणि मग त्यांची कोणीतरी राखणदार. मला पेन टेकवेना. उद्धवरावांनाही ते समजलं असावं, कारण ते म्हणाले, "लिही की. खाली जागा हाय भरपूर."

सासूनं माझ्या कोपराला हात लावला. "लिही, मी सांगती."

"आत्या, हे हंड्यावर टाकायचं नाव न्हाई."

"मला कळतंय ते. लिही. यांच्या घराकडून."

मी तिच्याकडं बघितलं. ती समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती, लग्नात आहेर सांगणाऱ्या माणसासारखी.

"यांच्या घराकडून," ती म्हणाली. "भेट न्हाई, भेट लिहू नको. त्यायनं काय फुकट दिली न्हाई. इकत घेतली. मालकीण म्हणून तुझं नाव लिही. सगळं लिही, नवऱ्याचंबी, आडनावबी."

मला हसू फुटायच्या आत मी लिहून टाकलं. मॅडमनी कागद उचलला. जुनं नाव आणि नवा मजकूर एकत्र कसा दिसेल हे तपासायला त्यांनी तो सलग, सरकारी आवाजात मोठ्यानं वाचला:

"बन्सीधर दत्तराव यांच्या घराकडून विकत घेतली. मालकीण रोहिणी सिद्धोधन जोंधळे."

टेबलापलीकडचे दोन कारकून हातातलं काम सोडून बघायला लागले. उद्धवरावांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"हे चालणार न्हाई," ते म्हणाले. "ह्ये म्हंजे आमची अब्रू काढायलीय."

"यात खोटं काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"खोटं न्हाई, पण..."

"तुम्ही विकली नव्हती का?"

"इकली. पण मॅडम, असं असंल तर बापूचं नाव काढून टाका. मी तक्रार मागं घेतो."

मॅडमनी कागदावर सही केली, शिक्का मारला आणि त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या, "ते नाव खोडता येत नाही, उद्धवराव. तुम्हीच मला दाखवून दिलंत."

मी आयुष्यात पदकं घेतली आहेत. परेडमध्ये पहिल्या रांगेत चालले आहे. पण त्या कचेरीच्या पायऱ्या उतरताना माझी छाती जशी फुगली तशी कधीच फुगली नव्हती. बसस्टँडवर मी सासूला भजी खाऊ घातली. ती म्हणाली तेल जुनं आहे, आणि दुसरी प्लेट मागवली.

नांदेडच्या दुकानात काम व्हायला सगळा दिवस गेला. दुकानदारानं कागद वाचला, पुन्हा वाचला, गल्ल्यावरून उठून आतून सगळ्यात म्हाताऱ्या कारागिराला घेऊन आला. त्यानं आधी जुन्या नावावर आणि नंबरवर चिकटपट्टी लावून घेतली आणि मग छिन्नीनं एकेक अक्षर कोरलं. मी समोरच्या स्टुलावरून हलले नाही. 'मालकीण' शब्दाचा शेवटचा ण कोरून झाला तेव्हा मी दलातल्या सवयीनं ताठ बसले होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कारागिराला वाटलं लोखंडाचा कण गेला, त्यानं फुंकर मारायला चष्मा वर केला. मी म्हणाले, "काही न्हाई, चालू द्या तुमचं."

परभणीला जाऊन नोंद करून घेतली आणि सोमवारी कामावर हजर झाले. सारंगनं पट्टी वाचली. तो पतसंस्थेत प्रथमच मोठ्यानं हसला असेल. दुपारपर्यंत सगळी बाजारपेठ काही ना काही निमित्तानं आत येऊन वाचून गेली. सितारामही आला. त्यानं अक्षरं बारकाईनं पाहिली आणि म्हणाला, "काम बरं हाय. मी केलं असतं तर जरा गोल केलं असतं." मी त्याला माफ करून टाकलं. उद्धवराव मात्र त्यानंतर शाखेकडं फिरकले नाहीत. त्यांच्या कामाला माणूस यायचा.

मला वाटलं विषय मिटला. पण गावात बातमी कधी सरळ पोचत नाही. उद्धवरावांच्या आईला, विमलबाईंना, कोणीतरी सांगितलं की तुमच्या मालकांचं नाव जोंधळ्यांनी खोडून टाकलं. म्हातारीनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. नाव आहे, नाव आहे, असं उद्धवरावांनी किती सांगितलं तरी तिचा विश्वास बसेना. तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

रविवारी दुपारी आमच्या भीमनगरच्या गल्लीत उद्धवरावांची पांढरी गाडी आली. त्या घराची गाडी आमच्या गल्लीत मतं मागायलासुद्धा आली नव्हती, मतं मागायला माणसं यायची. गल्लीतली पोरं, बाया सगळे दारांत आले. मागच्या सीटवर विमलबाई, डोक्यावर पदर. उद्धवराव उतरले आणि आमच्या फाटकापाशी थांबले, आत आले नाहीत.

"आईला नाव बघायचंय," ते म्हणाले. आवाज खाली आलेला. "जरा बाहेर आणता का? ती गाडीतूनच बघंल."

मी उठणार होते. म्हातारीचं तोंड बघून मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. गाडीपर्यंत बंदूक मी माझ्या हातात धरून नेली असती तर काही बिघडलं नसतं. पण सासू माझ्या आधी दारात जाऊन उभी राहिली.

"बाहेर न्हाई आणता येत," ती म्हणाली. "कायदा हाय."

असा काही कायदा नाही. मी कायद्याला सगळ्यात जास्त मानणारी बाई, पण त्या क्षणी मी मुकाट्यानं बंदूक कपाटातून काढायला आत गेले.

उद्धवराव गाडीकडं बघत, आमच्या दाराकडं बघत उभे राहिले. गाडीचं दार आतून उघडलं. विमलबाई एकट्याच उतरल्या, काठी टेकत आल्या, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि आत येऊन आमच्या पलंगावर बसल्या. सासू त्यांच्या शेजारी बसली. दोघी एकाच गावात म्हाताऱ्या झालेल्या, पण एका पलंगावर कधी बसल्या नव्हत्या.

मी बंदूक माझ्या हातात ठेवूनच त्यांच्यासमोर आडवी धरली. विमलबाईंनी पट्टीवर बोट ठेवून नवऱ्याचं नाव वाचलं. मग बोट खाली आणलं आणि पुढचंही वाचलं, अडखळत, मोठ्यानं, थेट माझ्या आडनावापर्यंत. गल्लीत सगळ्यांनी ऐकलं.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "इकली तर इकली. त्यात काय लपवायचं." मग फाटकाकडं वळून त्यांनी हाक मारली, "उद्धव, असा उनात काय उभा राह्यलास? आत ये."

ते आले. आमच्या खोलीत एक प्लास्टिकची खुर्ची आहे, तिच्यावर अंग चोरून बसले. बसता बसता माझ्याकडं बघून म्हणाले, "रोहिणीताई, येतो आमी. आईचं समाधान झालं."

सासू चुलीपाशी गेली होती. ती कपबशा घेऊन आली आणि पहिला कप त्यांच्या पुढं धरला.

"च्या घेतल्याबिगर जाता येत न्हाई," ती म्हणाली. "त्योबी कायदाच हाय."

उद्धवरावांनी कप घेतला. माझी सासू दारात उभी राहिली आणि तो रिकामा होईपर्यंत तिथून हलली नाही.